सूचीबद्ध फाईल आणि वर्णक्रमाचे प्रमाण : पाचूबंदरच्या नोंदींच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

वसईच्या किल्ल्यालगत, खाडीच्या मुखाशी पाचूबंदर हा कोळीवाडा वसलेला आहे. हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही धर्मांचे कोळी तेथे राहतात, आणि मासेमारी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होय. या बंदरातील कोणत्याही एका बोटीचा विचार केला, तर तिला निदान तीन प्रकारची ओळख असते असे दिसून येईल. बोटीवर रंगविलेले तिचे नाव ही पहिली ओळख. सरकारी नोंदणीचा क्रमांक ही दुसरी. आणि मालकाचे नाव ही तिसरी. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसास या तिहींपैकी एक कळली की पुरे होते. इतकेच नव्हे, नाव लिहिताना एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली, तरी बोट कोणाची हे ओळखण्यात त्याची चूक होत नाही.

यंत्राची गोष्ट निराळी आहे. बोटीची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याच्या यंत्रात एका क्रमाने लागलेली असावी, सहकारी संस्थेच्या यंत्रात दुसऱ्या क्रमाने, आणि किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांच्या यंत्रात तिसऱ्याच क्रमाने. आणि या तिन्ही यंत्रांनी परस्परांस प्रश्न विचारून उत्तरे मिळवावीत, अशी आजची अपेक्षा आहे. ही अपेक्षा पुरी व्हावयाची, तर नोंदी मागण्याची आणि देण्याची रीत सर्व यंत्रांत एकच असली पाहिजे. या रीतीच्या प्रमाणीकरणाचा प्रयत्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. तो कोठवर यशस्वी झाला, आणि मराठी नोंदींच्या बाबतीत तो कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचा शेवटचा आणि अवघड भाग भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. सूचीबद्ध फाईल म्हणजे काय

नोंदी साठविण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे त्या आल्या तशा एकीमागून एक लिहीत जाणे. किराणा दुकानदाराची रोजकीर्द अशीच असते. तीत एखादी विशिष्ट नोंद शोधावयाची, तर आरंभापासून वाचत जाण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी रीत शब्दकोशाची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले, आणि त्यासाठी सुमारे एक कोटी शब्दपट्ट्या तयार करण्यात आल्या. एवढ्या पट्ट्यांतून एक पट्टी हाती येऊ शकते, ती केवळ प्रत्येक पट्टीवर शब्द लिहिलेला आहे आणि पट्ट्या त्या शब्दाच्या वर्णक्रमाने लावलेल्या आहेत म्हणून.

सूचीबद्ध फाईल ही याच दुसऱ्या रीतीचे यांत्रिक रूप होय. नोंदीतील ज्या भागावरून ती शोधली जाते, त्यास ‘किल्ली’ म्हणतात. सर्व किल्ल्या क्रमाने लावून त्यांची एक स्वतंत्र सूची ठेवली जाते, आणि प्रत्येक किल्लीपुढे मूळ नोंद कोठे आहे याचा पत्ता असतो. सूची मोठी झाली की तिचीही सूची केली जाते. सूचीच्या एका पानावर १०० किल्ल्या मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख नोंदींपैकी हव्या त्या नोंदीपर्यंत पोहोचता येते. दहा लाख नोंदी ओळीने वाचण्याऐवजी तीन पाने उलटावयाची, एवढा हा फरक आहे.

आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ही रीत प्रचारात आणली. तिच्यात एक दोष होता. मागाहून आलेल्या नोंदींस मूळ जागी स्थान नसल्यास त्या बाजूच्या राखीव जागेत टाकाव्या लागत, आणि अशा नोंदी वाढल्या की शोधाचा वेग मंदावे. मग सर्व फाईल नव्याने रचावी लागे. बायर आणि मॅकक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सूचीची एक वृक्षरचना मांडली. तिच्यात पान भरले की ते आपोआप दुभंगते आणि क्रम कायम राहतो. आजही बहुतेक माहितीसंग्रहांच्या मुळाशी याच रचनेचा कोणता तरी प्रकार असतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. सूची उपयोगी पडते ती क्रमामुळे. क्रम एकच असेल तरच शोध खरा. क्रमाविषयी लिहिणारा आणि वाचणारा यांचे एकमत नसेल, तर सूची शोधास साहाय्य न करता त्याची दिशाभूल करते.

३. क्रियांचे प्रमाणीकरण

आरंभी प्रत्येक निर्मात्याची रीत वेगळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालवावयाची, तर फाईलींशी संबंध असलेला तिचा सगळा भाग नव्याने लिहावा लागे. कचेरीकामासाठी सर्वाधिक प्रसार पावलेल्या कोबोल या भाषेच्या १९७४ च्या अमेरिकन प्रमाणात सूचीबद्ध फाईलीस स्वतंत्र स्थान मिळाले, आणि तेथून या विषयास स्थैर्य येऊ लागले. फाईल उघडणे, अमुक किल्लीपासून आरंभ करणे, नोंद वाचणे, पुढील नोंद वाचणे, नवी नोंद लिहिणे, असलेली बदलणे, काढून टाकणे आणि फाईल मिटणे, एवढ्या मोजक्या क्रियापदांत सर्व व्यवहार बसविण्यात आला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रियेचे फळ काय झाले, हे सांगण्याचीही एक ठराविक परिभाषा झाली. प्रत्येक क्रियेनंतर दोन अंकांचे उत्तर मिळते. ‘००’ म्हणजे काम झाले. ‘१०’ म्हणजे फाईल संपली. ‘२१’ म्हणजे किल्ल्या क्रमाने आल्या नाहीत. ‘२२’ म्हणजे ही किल्ली आधीच आहे. ‘२३’ म्हणजे अशी नोंद नाही. पहिला अंक ९ असेल, तर त्याचा अर्थ निर्मात्याने स्वतः ठरवावा, अशी सवलत ठेवण्यात आली. प्रमाणात अशा सवलती राहतात त्या तडजोडीमुळे. आणि आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना अडचण येते तीही बहुधा याच जागी.

दुसरा प्रयत्न युनिक्स यंत्रणेच्या परिसरात झाला. १९८४ मध्ये काही युरोपीय निर्मात्यांनी एकत्र येऊन एक्स-ओपन ही संघटना स्थापन केली. कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राशी ग्राहकाची आज्ञावली जखडली जाऊ नये, हा तिचा हेतू होता. सूचीबद्ध फाईलींसाठी या संघटनेने इन्फॉर्मिक्स कंपनीच्या सी-आयसॅम या उत्पादनाची रीत आधारास घेतली. आतील रचना प्रत्येकाने आपापल्या परीने करावी, परंतु आज्ञावलीस बाहेरून दिसणाऱ्या क्रिया आणि त्यांची नावे एकच असावीत, असे या प्रमाणाचे तत्त्व होते. पहिली नोंद, शेवटची, पुढची, मागची, बरोबर हीच, हिच्याइतकी किंवा हिच्याहून मोठी, असे मागणीचे प्रकार त्यात निश्चित केलेले होते.

भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर दोन्ही प्रमाणांनी यंत्रांना समान क्रियापदे आणि समान वाक्यरचना दिली. आता नामांचा, म्हणजे किल्ल्यांचा, प्रश्न उरला.

४. अंकांचे जमले, अक्षरांचे राहिले

किल्ली अंकाची असेल तेव्हा काम तुलनेने सोपे असते. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी साठवितात, तर काही लहान भाग आधी. सी-आयसॅममध्ये पूर्णांक ठेवण्याचे एकच रूप ठरविलेले होते, आणि यंत्राच्या स्वतःच्या रूपातून त्या रूपात व उलट नेण्यासाठी स्वतंत्र क्रिया दिलेल्या होत्या. त्यामुळे कोणत्याही यंत्रावर ९ ही संख्या १०० च्या आधीच येई. संख्या अक्षरांच्या रूपात साठविल्यास मात्र १०० ही ९ च्या आधी येते, कारण तेथे पहिल्या चिन्हाशी पहिल्याची तुलना होते. हा दोष सर्वांस ठाऊक असल्याने मागे शून्ये भरून तो टाळला जातो.

अक्षरांविषयी असा निर्णय झाला नाही. अक्षरांच्या किल्ल्यांची तुलना त्या त्या यंत्राच्या संकेतक्रमावर सोपविण्यात आली. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील एबसीडिक या संकेतात इंग्रजीची लहान अक्षरे आधी, मग मोठी आणि शेवटी अंक येतात. आस्की या संकेतात याच्या बरोबर उलट, म्हणजे अंक आधी, मग मोठी अक्षरे, मग लहान. तेव्हा ‘अमुक किल्लीपासून पुढच्या सर्व नोंदी द्या’ ही एकच मागणी, एकाच प्रमाणित शब्दांत, दोन यंत्रांस केली असता दोन निराळी उत्तरे मिळतात, आणि दोन्ही उत्तरांबरोबर ‘००’, म्हणजे काम झाले, हाच संकेत येतो.

इंग्रजीपुरता हा घोटाळा फारसा गंभीर ठरला नाही. आस्कीचा प्रसार इतका झाला की तोच क्रम व्यवहारात प्रमाण मानला गेला. शिवाय ए ते झेड हा क्रम दोन्ही संकेतांत अबाधितच होता. मराठीचे तसे नाही. मराठीचा वर्णक्रम आणि यंत्राचा संकेतक्रम हे मुळातच भिन्न आहेत.

५. मराठी वर्णक्रम आणि संकेतक्रम

भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हा संकेत प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. भारतातील सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांस एकाच कोष्टकात बसविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग याच परंपरेतील इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या, आराखड्यावर बेतलेला आहे. सर्व लिप्यांची सोय पाहणाऱ्या अशा कोष्टकात कोणा एका भाषेचा क्रम तंतोतंत उतरणे शक्यच नव्हते. परिणामी मराठीच्या दृष्टीने पुढील तीन प्रश्न उभे राहिले.

पहिला प्रश्न ‘ळ’ चा. मराठी मुलास शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेत ह नंतर ळ, आणि मग क्ष, ज्ञ येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रमाणीकृत वर्णमालेतही हाच क्रम आहे. इस्की आणि युनिकोड या दोहोंत मात्र ळ चे स्थान ल च्या लगेच पुढे आहे. म्हणून गलबत, गवत, गस्त, गहाण, गळ हा मराठी कोशाचा क्रम यंत्राच्या हाती गलबत, गळ, गवत, गस्त, गहाण असा होतो. पाचूबंदरसारख्या गावी ही बाब केवळ कोशापुरती राहत नाही, कारण ‘कोळी’ या आडनावातच ळ आहे. मराठी क्रमाने कोल्हटकर, कोष्टी, कोळी. संकेतक्रमाने कोल्हटकर, कोळी, कोष्टी.

दुसरा प्रश्न ‘ॲ’ या स्वराचा. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि त्या काळापासून येथील ख्रिस्ती समाजात युरोपीय वळणाची नावे रूढ आहेत. ॲन्थनी हे नाव उदाहरणार्थ घ्यावे. त्यातील पहिले अक्षर लिहिण्याचे तीन मार्ग यंत्रात संभवतात : ए वर चंद्र असलेले जुने अक्षर ऍ, अ आणि त्यावर स्वतंत्र चंद्र अशी दोन चिन्हे, आणि ॲ हे एकच चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. संकेतक्रमाने पहिले रूप ए च्या शेजारी जाते. दुसरे अ ने आरंभ होणाऱ्या सर्व नावांच्या शेवटी. आणि तिसरे थेट ह च्याही पलीकडे. एकच नाव यादीत तीन दूरदूरच्या ठिकाणी पडते. युनिकोडच्या समानतेच्या नियमांनी ही रूपे एक मानली जात नाहीत. कारण यंत्राच्या लेखी ती तीन भिन्न लेखने आहेत.

तिसरा प्रश्न ‘ऱ’ चा. मराठीत दर्या आणि दऱ्या हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पहिला समुद्राचा, दुसरा डोंगरातील खोलगट भागांचा. लेखनात हा भेद रफार आणि अर्धा ऱ यांनी दाखविला जातो. परंतु अर्धा ऱ यंत्रात तीन प्रकारे साठविता येतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिली दोन रूपे युनिकोडने समान मानली आहेत. तिसरे मात्र तसे मानलेले नाही. उलट वर्णक्रम लावताना अदृश्य चिन्ह सामान्यतः दुर्लक्षिले जात असल्याने तिसऱ्या रीतीने लिहिलेला दऱ्या हा दर्या या शब्दाच्या बरोबरीला जाऊन बसतो. म्हणजे जेथे भेद नको तेथे तो निर्माण होतो, आणि जेथे हवा तेथे तो नाहीसा होतो. बोऱ्हाडे या आडनावाच्या माणसास आपले नाव यंत्रात का सापडत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यांखेरीज अनुस्वाराचा प्रश्न आहेच. बाराखडीत कं शेवटाकडे येते. संकेतक्रमात अनुस्वाराचे स्थान सर्व स्वरव्यंजनांच्या आधी आहे. फर्नांडिस आणि फर्नान्डिस यांचा उच्चार एकच. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनुसार येथे शीर्षबिंदू देणे योग्य ठरते. तथापि यंत्रापुढे या दोन वेगळ्या किल्ल्या होत. किल्लीच्या लांबीचाही विचार करावा लागतो. सी-आयसॅममध्ये किल्लीस १२० बाइटांची मर्यादा होती. इस्कीमध्ये ‘फर्नांडिस’ या नावास ९ बाइट लागत. युनिकोडच्या आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन, म्हणजे एकूण २७ बाइट लागतात. त्यामुळे पूर्वी १२० चिन्हे मावत तेथे आता ४० च मावतात, आणि नाव, वडिलांचे नाव व आडनाव मिळून केलेली किल्ली मध्येच तुटण्याचा संभव उत्पन्न होतो.

६. निःशब्द चूक

या भेदांचे व्यवहारात काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहणे योग्य होईल. २००९ च्या नोव्हेंबरातील फयान किंवा २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते यांसारख्या वादळात किनाऱ्यावर सर्वांत निकडीचा प्रश्न असतो तो हा, की समुद्रात गेलेल्यांपैकी कोण परत आले आणि कोण नाही. समजा, गेलेल्यांची यादी एका यंत्रावर मराठी क्रमाने लावलेली आहे : कोल्हटकर, कोष्टी, कोळी. परत आलेल्यांची यादी दुसऱ्या यंत्रावर संकेतक्रमाने लावलेली आहे : कोल्हटकर, कोळी, कोष्टी. तिघेही सुखरूप परतलेले आहेत.

दोन लावलेल्या याद्या जुळविण्याची यंत्राची रीत अशी : दोन्हींच्या अग्रभागी असलेली नावे पाहावीत; सारखी असल्यास जुळली असे मानून दोन्हीकडे पुढे जावे; नसल्यास क्रमाने आधी येणारे नाव दुसऱ्या यादीत नाही असे ठरवून फक्त त्या बाजूने पुढे जावे. तुलना संकेतक्रमाने होत आहे असे धरू. कोल्हटकर जुळतो. मग एका बाजूस कोष्टी आणि दुसऱ्या बाजूस कोळी येतो. संकेतक्रमाने कोळी आधीचा, म्हणून ‘परत आला, परंतु गेल्याची नोंद नाही’ असा त्याच्यावर शेरा पडतो. नंतर कोष्टी जुळतो. शेवटी गेलेल्यांच्या यादीत कोळी शिल्लक राहतो, आणि समोरची यादी संपलेली असते. म्हणून ‘गेला, परंतु परत आला नाही’ असा दुसरा शेरा. घरी पोहोचलेला माणूस एका यादीत बेपत्ता आणि दुसरीत अनोळखी ठरतो. उलटपक्षी असे पुष्कळ खोटे शेरे पडू लागले, तर त्यांच्या गर्दीत खरोखर न परतलेल्याचे नाव हरवून जाते, आणि हा धोका पहिल्याहून मोठा आहे.

या सर्व व्यवहारात कोणतीही क्रिया चुकलेली नाही. उघडणे, वाचणे, पुढील वाचणे, सर्व प्रमाणानुसार झाले. यंत्राने प्रत्येक वेळी ‘००’ हेच उत्तर दिले. क्रम मोडल्याचा ‘२१’ हा संकेत मिळतो तो क्रमाने नोंदी लिहिताना. वाचताना तसे काही कळत नाही. तसेच ॲन्थनी हे नाव तीन रूपांत तीनदा नोंदले गेले, तरी ‘२२’, म्हणजे किल्ली आधीच आहे, हा इशारा मिळणार नाही; आणि एका रूपाने साठविलेले नाव दुसऱ्या रूपाने विचारले, तर ‘२३’ असे उत्तर येईल. कारकून त्याचा अर्थ ‘असा माणूस नाही’ असा करतो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘असे लेखन नाही’ एवढाच असतो.

७. क्रमांक हा उपाय आणि त्याच्या मर्यादा

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे नावाऐवजी क्रमांक ही किल्ली करणे. मासेमारी बोटींच्या बाबतीत हा उपाय योजला गेला आहे. २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि सर्व किनारी राज्यांतील बोटींची एकसमान पद्धतीने, सामाईक संगणकीय यंत्रणेवर नोंदणी करण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा क्रमांकात देश, राज्य, नोंदणीचे ठिकाण, बोटीचा प्रकार आणि शेवटी अनुक्रमांक असे भाग असतात. एका राज्यातील बोट दुसऱ्या राज्याच्या हद्दीत आढळल्यास तिची नोंद या क्रमांकावरून काढता येते.

क्रमांकाचा गुण असा की तो नाव बदलले तरी बदलत नाही. वसई रोड या रेल्वेस्थानकाचे उदाहरण बोलके आहे. त्याचे पूर्वीचे नाव बसीन रोड होते. नाव बदलले, परंतु रेल्वेच्या नोंदींतील त्याची बी-एस-आर ही अक्षरे आजही तीच आहेत. ती वाचून नव्या प्रवाशास वसईचा बोध होत नाही हे खरे. पण बोध करून देणे हे किल्लीचे काम नव्हे.

मात्र किल्लीत अर्थ भरला की तो अर्थ बदलण्याची भीती निर्माण होते. वसई तालुका ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. ज्या फाईलीत जिल्ह्याचे नाव किल्लीचा भाग असेल, तिच्यातील वसईच्या सर्व किल्ल्या त्या दिवशी कालबाह्य झाल्या असे समजावे. तेव्हा किल्ली जितकी अर्थहीन तितकी ती टिकाऊ, हा नियम सामान्यतः पाळावयास हवा.

परंतु क्रमांकाने प्रश्न पुरता सुटत नाही. संकटाच्या वेळी घरच्या माणसास बोटीचा क्रमांक आठवेलच असे नाही. तो नाव सांगतो. मदतीच्या याद्या नावाने लागतात, मतदारयादी नावाने तपासली जाते, आणि सामान्य माणूस यंत्रापुढे येतो तो आपले नाव घेऊनच. नावाच्या किल्लीला पर्याय नाही. ती दुय्यम ठेवता येते, टाळता येत नाही.

८. प्रमाणात काय असावे

वरील विवेचनावरून सूचीबद्ध फाईलीच्या कोणत्याही प्रमाणात चार अंगे असावयास हवीत, असे म्हणता येईल : क्रिया, क्रियांची फळे, किल्लीचे रूप आणि किल्ल्यांचा क्रम. पहिल्या दोन अंगांचे काम कोबोल आणि एक्स-ओपन यांनी केले. उरलेल्या दोहोंसाठी लागणारी साधने आज उपलब्ध आहेत. वर्णक्रमाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. युनिकोड संघटनेचीही क्रम लावण्याची स्वतंत्र रीत आहे. दोन्हींचे तत्त्व एकच : संकेतांची थेट तुलना न करता प्रत्येक अक्षरास क्रमातील एक वजन द्यावे, आणि वजनांची तुलना करावी. भाषेगणिक वजने बदलता येतात, आणि युनिकोडच्या भाषाविषयक माहितीच्या संग्रहात मराठीसाठी ळ, क्ष, ज्ञ यांस ह नंतर स्थान देणारा नियम आहे.

या साधनांचा उपयोग करताना तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, नोंद फाईलीत जाण्यापूर्वीच तिचे लेखन एका ठराविक रूपात आणावे. ॲ चे एकच रूप, अर्ध्या ऱ चे एकच रूप. दुसरे, हे करताना माणसाने स्वीकारलेले नाव बदलू नये. फर्नांडिस आणि फर्नांडीस ही दोन घराण्यांची दोन लेखने असू शकतात. त्यांना एक करणे हा यंत्राचा अधिकार नव्हे. अशा नावांसाठी मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून, शोधापुरती उच्चारानुसार केलेली दुसरी किल्ली द्यावी, आणि त्या किल्लीस एकाहून अधिक नोंदी असण्याची मुभा असावी. तिसरे, फाईल कोणत्या क्रमाने आणि त्या क्रमाच्या कोणत्या आवृत्तीने लावली आहे, हे फाईलीतच लिहून ठेवावे. २०१८ मध्ये लिनक्स यंत्रणेतील एका मूलभूत संग्रहाची वर्णक्रमाची कोष्टके बदलली, आणि पोस्टग्रेस या माहितीसंग्रहातील जुन्या क्रमाने लावलेल्या सूच्या त्यामुळे बिघडल्या. त्या नव्याने रचाव्या लागल्या. नोंदी होत्या तशाच होत्या. बदलली होती ती केवळ क्रमाविषयीची समजूत.

मराठी वर्णक्रम निश्चित करणे हे काम यंत्रनिर्मात्याचे नाही. अनुस्वाराचे स्थान कोणते, ॲ हा अ च्या जवळचा की ए च्या, उच्चारानुसारच्या किल्लीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवावा की न ठेवावा, हे निर्णय भाषेच्या अभ्यासकांनी द्यावयाचे आहेत. कोशकारांनी आपापल्या कोशापुरते ते दिले आणि त्यांत एकवाक्यता राहिली नाही; कोश वाचणारा माणूस असल्याने त्यावाचून फारसे अडलेही नाही. आता वाचणारे यंत्र आहे, आणि एका यंत्राने लावलेली यादी दुसऱ्याने वाचावयाची आहे. पाचूबंदरचा कोळी समुद्रावरून परतला, की त्याचे नाव दोन्ही याद्यांत एकाच जागी सापडले पाहिजे. वर्णक्रमाच्या प्रमाणाची आवश्यकता यापेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.